सातव्या पायरीवरच्या अकरा बाहुल्या

ते साल दोन हजार तेवीस. त्या वर्षी अधिक श्रावण आला होता, म्हणून दसरा लांबला आणि महानवमी पडली तेवीस ऑक्टोबरला, सोमवारी. ही तारीख मला कॅलेंडर न बघता सांगता येते. माझ्या लग्नाची तारीख विचाराल तर मात्र स्वल्प थांबावं लागेल.

गवीपुरमच्या आमच्या घरात दसऱ्याला गोंबे मांडतात. सात पायऱ्या, त्यांवर पांढरं कापड आणि कापडावर बाहुल्या. सगळ्यात वर रक्तचंदनाचे राजाराणी. आमच्या घरचा एक नेम आहे. पायरीवरची बाहुली आपण विकत आणायची नाही, कुणीतरी द्यावी लागते. बघायला आलेल्या माणसाला मी हातात वेताची काठी घेऊन वरपासून खालपर्यंत नावं सांगते. हे वाजंत्री तुळसामावशीचे, ही दहीवाली गवळण शेजारच्या नेत्रम्माची, हा मान हलवणारा म्हातारा चामराजपेटेतल्या शिंप्याचा. त्या शिंप्याने माझ्या झंपराची बाही उलटी शिवली होती, त्याची भरपाई म्हणून. देणारी निम्मी माणसं आता नाहीत, पण नऊ दिवस त्यांची नावं घरात असतात.

त्या नवमीला पहाटे मी निरांजन घेऊन आले तर सगळ्यात खालच्या, सातव्या पायरीवर अकरा नव्या बाहुल्या. मातीच्या, बोटभर उंचीच्या. एकीच्या काखेत हेल्मेट, एकाचं नाक असं की चष्मा त्याच्यासाठीच शोधून काढला असावा, एक मुलगी हातात कॉफीचा पेला घेऊन जांभई देत होती. देवीदेवता एकही नाही. मला वाटलं, पवित्राचा कॉलेजचा अभ्यास असेल.

पवित्रा म्हणजे माझ्या मुलाची, नागोजीची एकुलती एक लेक. चित्रकलेची पदवी झाली, आणि त्या ऑगस्टात तिला कलेच्याच कॉलेजात पुढच्या दोन वर्षांच्या शिक्षणाला जागा मिळाली. चित्रं हलवायची विद्या म्हणते मी तिला. नागोजीने ठेव मोडून फी भरली. मग कळलं की घरी स्वतःचं मशीन लागतं. मोठा कॉम्प्युटर, त्यात चित्रं ओढून नेणारं ग्राफिक्स कार्ड, आणि पेनाने ज्यावर काढता येतं असा स्क्रीन. कॉलेजात तीस पोरांना चौदा मशीनं, आणि खोली सहाला बंद. डिसेंबरात फिल्म दिली नाही तर वर्ष गेलं.

नागोजीचं पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीत छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक जुनं सीएनसी मशीन, चार माणसं. त्या वर्षी त्याच्या मोठ्या गिऱ्हाइकाने काम दुसरीकडे दिलं होतं. तो पोरीला म्हणाला, "एक वर्ष थांब." मला मात्र तिने सांगून ठेवलं होतं, "अज्जी, महादेवपुऱ्याच्या एका कंपनीने बोलावलंय. मोबाइलवरची बटणं काढायचं काम. दशमीपर्यंत मशीन झालं तर शिकते. नाहीतर बुधवारपासून तिकडे जाते."

म्हणजे दोन दिवस उरले होते. मी देवीपुढे तेवढंच मागत होते. पोरीने देवीच्या भरवशावर ठेवलं नव्हतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते तिच्या आईला, भाग्यलक्ष्मीला. निपाणीची ती. बोलायला कमी, आणि पोटात अख्खी विहीर.

नागोजी दुपारी एकला आला. सकाळी वर्कशॉपमध्ये आयुधपूजा झाली होती. स्कूटरला केळीचे खुंट आणि झेंडूची माळ, सदऱ्यावर कुंकवाची बोटं, हातात चुरमुऱ्यांची पिशवी. पाठोपाठ माझी मुलगी क्षमा. बेळ्ळंदूरला चौदाव्या मजल्यावर राहते. टॅक्सीत दोन तास बसून आलेली, त्यामुळे भांडणाची निम्मी तयारी रस्त्यातच झालेली.

"आई, सिल्क बोर्डच्या सिग्नलला चाळीस मिनिटं! चाळीस! पायी आले असते तर साडीची घडी तरी राहिली असती." असं म्हणत ती गोंब्यांपुढे बसली आणि तिची नजर थेट खाली गेली. "अय्यो, ही कोण माणसं गं? अण्णा, ह्या चष्मेवाल्याचं नाक बघ, तुझ्या त्या फोरमनसारखं. आई, कुणी दिल्या ह्या? सांग की नाव."

मी काठी उचलली आणि तशीच धरून राहिले. साठ वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे नाव नव्हतं.

पवित्रा स्वयंपाकघराच्या दारात कोसंबिरीचं पातेलं घेऊन उभी होती. ते तिने खाली ठेवलं.

"ह्या कुणी दिलेल्या नाहीत, अत्ते. हे देणारेच आहेत."

"म्हणजे?"

"माझ्या मशीनसाठी ज्यांनी दिलं ते. अकरा जण. मी विचारलं, त्यांनी दिलं. चारला त्यातले तिघं सामान घेऊन येतील."

क्षमाने हात पुढे केला. "बघू मेसेज." पोरीने फोन दिला. क्षमाने मोठ्याने वाचला. तो कन्नड आणि इंग्रजीची भेळ होता. मी मराठीत सांगते, कारण मला तो पाठ आहे.

"दोस्तांनो, मला सीट मिळाली, मशीन नाही. अप्पांनी फी भरली, त्यावर त्यांच्याकडे आणखी मागणार नाही. लागणाऱ्या भागांची यादी खाली आहे. कुणाकडे जुना भाग पडून असेल तर द्या, नसेल तर जमेल तेवढी मदत द्या. जमत नसेल तर नुसतं हसून सोडा. मागताना लाज वाटतेय, पण न शिकता राहिले तर जास्त वाटेल. प्रत्येक देणाऱ्याची एक मातीची बाहुली करून आमच्या घरच्या गोंब्यांत बसवीन. ती दरवर्षी बसेल. आपण पुढे भांडलो तरी."

नागोजी भिंतीला टेकून ऐकत होता. त्याच्या हातातली चुरमुऱ्यांची पिशवी हळूहळू आवळत गेली.

"सगळ्यांपुढं हात पसरलास," तो म्हणाला.

"मित्रांपुढं, अप्पा."

"मी मेलो होतो?"

"तुमच्याकडे नव्हते म्हणून तर..."

"नव्हते, तर थांबायचं! ह्या घराने कधी कुणाकडून काही घेतलं नाही. तुझ्या अज्जाने नंबरप्लेटा रंगवल्या, पण हात नाही पसरला."

"आणि मी?" क्षमा उसळली. "मी कुणी नाही? सख्खी आत्या बेळ्ळंदूरला बसलीय आणि ही कॉफी पिणाऱ्या पोरींकडून मागते! मला एक फोन करता येत नव्हता?"

हे दोघं बहीणभाऊ एरवी एका ताटातल्या पापडावरूनसुद्धा वेगळे होतात. त्या दिवशी एका बाजूला झाले. मी म्हटलं, पोरीचं आता कठीण.

पवित्राचा चेहरा लाल झाला होता. "अत्ते, खरं सांगू? रागावणार नाहीस?"

"रागावलेच आहे. सांग."

"दहावीला तू मला सायकल दिलीस. अजून प्रत्येक दिवाळीला ती सायकल फराळाबरोबर ताटात येते."

भाग्यलक्ष्मीला हसू फुटलं. तिने पदर तोंडाला लावला, पण उशीर झाला होता. क्षमाने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी राजाराणीकडे पाहत होते.

"मी प्रेमाने आठवण काढते," क्षमा म्हणाली.

"हो, वन्सं प्रेमानेच काढतात, दर दिवाळीला," भाग्यलक्ष्मी पायऱ्यांना सांगितल्यासारखं म्हणाली. मग पदर सोडून ती नवऱ्याकडे वळली. लग्नाला तेवीस वर्षं झाली, पण चारचौघांत तिने त्याला उलट बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं. "ह्या घराने कधी काही घेतलं नाही म्हणता. ह्या सात पायऱ्यांवर आपण विकत आणलेली बाहुली दाखवा एक. दाखवा."

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

नागोजी चुरमुऱ्यांची पिशवी ठेवून खाली स्कूटरपाशी जाऊन बसला. घरातले पुरुष वादात अडकले की वाहनाला काहीतरी झालेलं असतं.

तिथे बसून त्याला काय वाटत होतं ते त्याने मला पुढे कधीतरी सांगितलं. त्याला आपला बाप दिसत होता. माझे यजमान रघुजीराव सिनेमाचे बॅनर रंगवायचे, मॅजेस्टिक भागात. नायकाचा एक डोळा आठ फुटांचा. मग अक्षरं कापणारी मशीनं आली, चिकटवायची अक्षरं आली, बॅनरचं काम गेलं, आणि हा माणूस हनुमंतनगरला झाडाखाली बसून गाड्यांच्या पाट्या रंगवू लागला. तेव्हा नागोजीला अठरावं लागलं होतं. त्याने पुस्तकं ठेवली आणि पीण्याला लेथवर उभा राहिला. त्या दिवसांतून त्याने एक गोष्ट उचलली होती. वेळेला कुणी येत नाही. कुणी येत नाही, तर मागून अपमान कशाला करून घ्यायचा?

चारला रिक्षा थांबली. नागोजी अजून खालीच होता, त्यामुळे पाहुण्यांना पहिला तोच दिसला. तिघं होते. चंदन हा एस. पी. रोडच्या दुकानात कॉम्प्युटर जोडणारा, तोच तो नाकवाला. सौम्याने स्क्रीन आईच्या जुन्या साडीत तान्ह्या बाळासारखा गुंडाळून आणला होता. आणि महांतेश, चिकोडीचा, पवित्राच्या वर्गातला, खोक्यांच्या चळतीमागे नुसते पाय दिसत होते.

"या," नागोजी म्हणाला. गोंबे बघायला आलेल्याला दारातून परत पाठवायचं नसतं, आणि पोराला मी तेवढं वळण लावलं होतं. जिना चढताना मात्र तो चंदनला हळूच म्हणाला, "तम्मा, फराळ करा, तांबूल घ्या, आणि हे सगळं परत घेऊन जा. दुकान परत घेतं ना?"

चंदन बिचारा गोंधळला. "घेतं, अंकल. आठ दिवसांत, न वापरलेलं असेल तर. पण..."

"मग सरी, झालं तर. ज्याचे त्याला पोचते कर."

हे पवित्राने ऐकलं. ती खोकी ठेवायला जागा करू लागली, आणि मी तिच्या मानेकडे पाहत होते. तिची मान अगदी रघुजीरावांसारखी खाली गेली होती. झाडाखाली बसायला निघाले त्या दिवशी त्यांचीही अशीच होती.

तेवढ्यात भाग्यलक्ष्मी म्हणाली, "परत जायचं तर जाऊ दे. पण आज नवमी. दारात आलेलं आयुध पुजल्याशिवाय परत कसं पाठवायचं?"

पीण्यात नागोजी गिऱ्हाइकाचे नट-बोल्टसुद्धा पुजल्याशिवाय पाठवत नाही. "पूजा करा," तो म्हणाला आणि चुरमुरे वाटायला लागला.

पायऱ्यांपुढे पाट मांडला. चंदनने एकेक वस्तू खोक्यातून काढून ठेवली. काळा रिकामा पेटारा, एक हिरवी पाटी, मदरबोर्ड म्हणतात ती, तिच्यावर चांदीच्या वेलबुट्टीसारखी नक्षी, आणि दोन पंख्यांचं ते ग्राफिक्स कार्ड, ज्यात अकरातल्या सहा जणांची मदत गेली होती. चंदन म्हणाला, "अज्जी, फूल फक्त." तो कन्नडमध्ये बोलला आणि मी तेव्हा मंत्र म्हणत होते. मी ऐकलंच नाही. शपथेवर सांगते, कारण आजपर्यंत हे कुणाला पटलेलं नाही.

वीस वर्षं मी लेथला लावत आले तसं लावलं. ओलं गंध तीन बोटांनी. एकदा पेटाऱ्याला. एकदा हिरव्या पाटीला, आडवं, चांगलं ऐसपैस. मग कार्ड उचललं, त्याच्या कडेला सोन्याच्या दातांची ओळ होती. मला वाटलं, हेच ह्याचं कपाळ. तिथे गंध, गंधावर कुंकू, कुंकवावर अक्षता. आणि मग फुलाने पंचपात्रीतलं पाणी सगळ्यांवर शिंपडलं.

"आज्जी! काय केलासा हे!" महांतेशच्या तोंडातले चुरमुरे बाहेर आले.

सौम्याने डोळे मिटले. चंदन दोन्ही हात डोक्यावर ठेवून पाटाभोवती फिरायला लागला. पवित्रा जागची हलली नाही. तिने एवढंच विचारलं, "चंदन, गेलं का रे?"

"ठाऊक नाही. वीज लावलेली नव्हती, तेवढं नशीब. पण दुकान आता परत घेणार नाही, हे नक्की."

वर मान हलवणारा म्हातारा तेवढा हलत होता.

आणि क्षमा हसली. आधी नाकातून, मग सगळ्या अंगाने. "अण्णा," ती म्हणाली, "कुंकू लावलेली सून कुणी परत पाठवतं का रे? आता ती ह्या घरची. घे पदरात!"

नागोजीने तिच्याकडे पाहिलं, मग पाटाकडे. मग तो गुडघ्यावर बसला आणि कार्ड दोन्ही कडांना धरून त्याने उजेडात तिरपं केलं. त्याचा राग गेला नव्हता, पण त्याच्या हातांना मशीन दिसलं होतं.

"बोट कुणी लावू नका," तो म्हणाला. "पुसू नका. पुसलं की आत जातं. भाग्या, माझ्या स्कूटरच्या डिकीत निळा स्प्रे आहे, आण. आणि आईचा नको, दात घासायचा नवा ब्रश, मऊ."

"अंकल, तुमच्याकडे सर्किट धुवायचा स्प्रे आहे?" चंदन थांबला.

"नसून कसं चालेल? दर दसऱ्याला आमचा सिद्दप्पा सीएनसीच्या कार्डाला असंच नखशिखांत कुंकू लावतो. बारा वर्षं सांगतोय. दशमीनंतरचे दोन दिवस माझं हेच काम." तो चंदनकडे न बघता बोलत होता. "बस इथे. पाटी तू घे, कार्ड मी घेतो. एकाच दिशेने झाडायचं. अक्षता चिमट्याने."

गुरुशिष्य मांडी घालून बसले. सौम्याने मोबाइलचा उजेड धरला, महांतेश पंख्याने वारा घालू लागला. पवित्रा बापाच्या शेजारी बसली, पण हातभर अंतरावर.

मी मागे खुर्चीत होते. माझ्या बोटांना गंध तसंच होतं. नागोजीचे हात गुंतलेले, मान खाली. मला वाटलं, अठ्ठावीस वर्षं राहिलेलं बोलायचं असेल तर आत्ताच. तो उठून जाऊ शकत नाही.

"नागोजी, वेळेला कुणी येत नाही म्हणतोस ना?"

"आई, आत्ता नको."

"आले होते. तुझ्या बाबांचे तिघं रंगारी मित्र. पंचाण्णव साली, संक्रांतीनंतर. अक्षरं कापणारं मशीन घेत होते कॉम्प्युटरवालं, चौघांत मिळून. म्हणाले, रघुजी, तुझा वाटा आम्ही घालतो, तू फक्त ये. तुझ्यासारखं अक्षर कुणाचं नाही."

ब्रश थांबला.

"बाबा काय म्हणाले?"

"त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आम्हाला कुणाचं मिंधं व्हायचं नाही. कॉफी दिली आणि परत पाठवलं. त्यांनी पुढे तीन दुकानं केली. तुझे बाबा झाडाखाली बसले. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. मीही तुला सांगितलं नाही. तुला वाटत राहिलं की कुणी आलंच नाही, आणि मी ते वाटू दिलं."

मग नागोजीने ब्रश पुन्हा चालू केला. सोन्याचा एक दात, मग दुसरा. एवढ्या हळू काम करताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. ब्रश न थांबवता तो म्हणाला, "कॉफी तरी चांगली दिली होतीस का?"

"साखर कमी होती," मी म्हटलं. "महिनाअखेर होती."

तो हसला. मान खालीच होती, पण खांदे हलले. आणि मग शेजारच्या पोरीकडे न बघता त्याने ब्रश तिच्यापुढे धरला. "हे टोक तू कर. तुझे डोळे चांगले आहेत." पवित्रा हातभर सरकली.

साडेसहाला नागोजी म्हणाला, "आता जोडा." चंदनने जोडलं. कार्ड जड, पेटाऱ्यात ते एका बाजूला झुकायला लागलं. नागोजीच्या भुवया वर गेल्या. "हे असंच लोंबकळत ठेवतात? दोन वर्षांत मोडेल. उद्या पीण्यातून टेकू करून आणतो." पोरीला परवानगी दिल्याचं त्याने एवढंच काय ते जाहीर केलं.

क्षमा मघापासून येरझारा घालत होती. तिला काय हवंय ते मला कळत होतं. तिला द्यायचं होतं, पण कुणी मागितल्याशिवाय कसं द्यायचं? शेवटी ती वायरीकडे बघत म्हणाली, "आणि करंट गेला तर? गवीपुरमला दिवसातून तीनदा जातो."

चंदन म्हणाला, "यूपीएस लागेल, अक्का. यादीत होता. तेवढाच राहिला."

सगळ्यांनी पवित्राकडे पाहिलं. पवित्रा उठली, क्षमापुढे उभी राहिली, आणि मेसेज लिहिताना तिला जेवढी लाज वाटली नसेल तेवढी आता वाटत होती.

"अत्ते, मला यूपीएस देशील?"

"देईन की! त्यात काय एवढं!" क्षमाच्या डोळ्यांत टचकन पाणी. "विचारायला एवढा वेळ लागतो? आणि माझी बाहुली?"

"करते. पण दिवाळीला यूपीएस काढायचा नाही."

"बरं," क्षमा म्हणाली. "पण सायकल काढीन. ती जुनी."

मग चंदनने बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. नाही. मी तीन बोटं पदरात लपवली. नागोजी मागे वाकला. "तम्मा, मागचा खटका कोण पाडणार? सिद्दप्पा?" खटका पडला, पंखे फिरले, आणि आत कुठेतरी राहिलेली वाळक्या कुंकवाची चिमूट पंख्याने भुर्रकन बाहेर उडवली. चंदनच्या सबंध चष्म्यावर. स्क्रीन उजळला.

पहिली रेघ कोण काढणार ह्यावर थोडी ओढाताण झाली. पवित्राने पेन बापाच्या हातात दिलं. त्याने पट्टी न घेता एक आडवी रेघ ओढली, मान तिरपी करून तपासली आणि म्हणाला, "सरळ येते." मग पवित्राने त्या रेघेवर एक कोहळा काढला. त्याला दोन पाय काढले. नवमीला गाडीपुढे फोडायला आणलेला कोहळा, आणि तो पळून चाललेला. सौम्या म्हणाली, "हीच फिल्म कर." संध्याकाळी बाकीचे मित्रही आले. आरतीच्या वेळी घरात एवढी गर्दी झाली की प्रसाद जिन्यावर वाटावा लागला. मी काठी घेऊन नावं सांगितली आणि सातव्या पायरीशी आल्यावर म्हटलं, "हे देणारे. हे इथे उभेच आहेत, ह्यांना विचारा."

बुधवारी पवित्रा कॉलेजला गेली. महादेवपुऱ्याची बटणं दुसऱ्या कुणीतरी काढली.

कोहळ्याची फिल्म चार मिनिटांची झाली. कोहळ्याचा आवाज क्षमाचा. तो ट्रॅफिकवर जे बोलतो ते लिहून द्यावं लागलं नाही. फिल्म दूर कुठल्या परदेशी महोत्सवात दाखवली गेली, आणि क्षमा आता दिवाळीला सायकल काढत नाही, महोत्सव काढते. पवित्रा पंचवीस साली शिकून बाहेर पडली. आता त्याच कॉलेजात पोरांना शिकवते आणि घरी स्वतःचं काम करते. सौम्या लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. महांतेश चिकोडीला परत गेला आणि तिथे त्याने पोरांसाठी चित्रांचा वर्ग काढला. त्याची मशीनची यादी आली तेव्हा पहिला भाग आमच्या घरातून गेला, नागोजीच्या हाताने. चंदनने एस. पी. रोडवर स्वतःचं दुकान टाकलं. त्याच्या दुकानात जड कार्डांसाठी लोखंडी टेकू मिळतात, पीण्याचे. नागोजीला त्यातून मोठं काम मिळालं असं नाही, पण सिद्दप्पाचा पगार निघतो. भाग्यलक्ष्मी पुन्हा कमी बोलते. नागोजी मात्र आता तिला आधी विचारतो. आणि रघुजीरावांच्या तिघा मित्रांपैकी एक जण अजून आहे, बसवनगुडीला. नागोजी मला तिकडे घेऊन गेला. मी त्यांना कॉफी करून दिली, साखर पुरेशी घालून.

सातव्या पायरीवर आता बारा बाहुल्या आहेत. बारावी टॅक्सीत बसलेली.

आणि मशीन? दशमीला नागोजी टेकू घेऊन आला तेव्हा त्याच्या खिशात आणखी एक वस्तू होती. रुपयाएवढी पितळेची चकती, लेथवर घासून आरशासारखी केलेली, कडेला बारीक नक्षी. ती त्याने पेटाऱ्याच्या बाहेर, डाव्या वरच्या कोपऱ्यात दोन स्क्रूंनी बसवली. "आई, हे त्याचं कपाळ," तो म्हणाला. "दरवर्षी इथेच लाव. बाकी कुठे नाही."

मी तिथेच लावते. तीन बोटं मावत नाहीत, एकच मावतं.